"किती टक्के बिलो?" विचारण्याआधी हा स्टेडियमचा हिशेब बघा



मागच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या स्टेडियमच्या खर्चाबद्दल दोन मिनिटं बोललो आणि वेळ संपला म्हणून पुढे सरकलो. त्यावर एका प्रेक्षकाने फोन करून सरळच विचारलं, "सर, त्यांच्या फुटबॉलच्या मैदानाचं आणि माझ्या जिल्हा परिषद शाळेच्या कंपाउंड वॉलचं काय देणंघेणं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायच्या आधी मी त्याला उलट विचारलं, "कंपाउंड वॉलचं टेंडर किती भरलं?" तो म्हणाला, "१६ टक्के बिलो." मी विचारलं, "का १६? १४ का नाही, १९ का नाही?" तो म्हणाला, "समोरचा १५ भरणार अशी खबर होती."

बघा, इथेच सगळं आलं. त्याने भिंतीचा अंदाज काढलाच नव्हता. अंदाज काढला होता तो समोरच्या माणसाचा.

आपल्याकडे बी-१ नमुन्यातल्या टेंडरमध्ये खात्याचं अंदाजपत्रक आधीच तयार असतं. दरसूचीतले दर, मोजमापं, बेरीज, सगळं खात्याने केलेलं. तुम्ही फक्त एक आकडा लिहायचा, इतके टक्के जास्त किंवा इतके टक्के कमी. नवीन माणसाला हे सोपं वाटतं. माझं मत विचाराल तर नवीन माणसासाठी यासारखी वाईट शाळा दुसरी नाही. दुसऱ्याच्या आकड्यातून टक्के वजा करायची सवय लागते आणि स्वतःचा आकडा काढायचा हात कधी तयारच होत नाही. बी-२ म्हणजे आयटम रेटचं टेंडर भरताना निदान प्रत्येक बाबीसमोर दर लिहावा लागतो, थोडा तरी विचार होतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. २००८ साली माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड होतं. एका कॉलेजच्या मैदानावरच्या गॅलरीचं काम निघालं होतं. जुन्या पायऱ्यांची दुरुस्ती आणि वर पत्र्याचं छत. कॉलेजच्या इंजिनिअरने काढलेलं अंदाजपत्रक होतं २४,८०,००० रुपयांचं. मी ११ टक्के खाली गेलो आणि काम मिळालं २२,०७,२०० ला. घरी पेढे वाटले. कामात माझ्या हिशेबाने १,८०,००० सुटणार होते.

ते अंदाजपत्रक कधीचं आहे, हे मी विचारलंच नाही. ते आदल्या वर्षीचं होतं. १४ टन लोखंड लागणार होतं. मी ३४ रुपये किलो धरलं होतं, खरेदीला गेलो तेव्हा ४६ झालं होतं. १,६८,००० तिथेच गेले. मग कॉलेजच्या परीक्षा आल्या, "आवाज करू नका" म्हणून २२ दिवस काम बंद. सहा माणसं मी सोडली नाहीत, कारण सोडली असती तर परत मिळाली नसती. अडीचशे रुपये रोजाने त्यांचे ३३,००० बसले. क्रेन दुसऱ्यांदा आणावी लागली, २६,०००. एकूण २,२७,००० वर गेले. म्हणजे नफा तर संपलाच, वर ४७,००० चा खड्डा. आणि ५ टक्के अनामत, म्हणजे १,१०,३६०, ती सुटायला चौदा महिने लागले. खड्डा आणि अडकलेले पैसे मिळून दीड लाखाच्या वर. ते सासऱ्यांकडून उसने घेतले आणि तीन वर्षं फेडले. सासरे चांगले होते, कधी बोलून दाखवलं नाही, पण दिवाळीला त्यांच्या घरी जेवायला बसताना घास उतरायचा नाही.

आता अमेरिकेत चला, कारण त्याच २००८ साली तिकडे न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाचं स्टेडियम वाढवायचं काम चालू होतं. बसायची जागा होती साधारण ४१,५०० लोकांची. ती वाढवून ५२,४५४ करायची. मंजूर खर्च १०.२ कोटी डॉलर. त्यातले ३ कोटी देणग्यांतून येतील असं धरलं होतं. देणग्या ठरल्याप्रमाणे जमल्या नाहीत आणि ठेकेदारांची टेंडरं आली ती अंदाजापेक्षा चढी. मग काय केलं? काही सोयी बाजूला ठेवून कामाची व्याप्ती कमी केली, मंजूर रकमेच्या चौकटीत बसवलं आणि २००९ च्या हंगामाआधी जागा वाढवून मोकळे झाले.

विद्यापीठाकडे इंजिनिअर असतात, आर्किटेक्ट असतात, अंदाज काढणारे पगारी सल्लागार असतात. तरी अंदाज चुकला. मग मी किंवा तुम्ही चुकलो तर लाज वाटायचं कारण नाही. फरक एवढाच की विद्यापीठाने चूक टेंडर उघडल्यावर, सही व्हायच्या आधी पकडली. मी पकडली दुकानात, लोखंडाचं बिल हातात आल्यावर.

आता या आकड्यांशी थोडं खेळू. कॅल्क्युलेटर काढा. रटगर्समध्ये जागा वाढल्या साधारण १०,९५४. १०.२ कोटी भागिले १०,९५४ केलं तर वाढीव जागेमागे सुमारे ९,३०० डॉलर येतात. दुसरं उदाहरण घ्या. टेक्सासमधलं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ, कॉलेज स्टेशन नावाच्या गावात. त्यांच्या काइल फील्ड या स्टेडियमची क्षमता ८२,५८९ वरून १,०२,७३३ झाली. म्हणजे २०,१४४ जागा वाढल्या. मे २०१३ मध्ये ४५ कोटी डॉलरची योजना मंजूर झाली, शेवटी आकडा गेला ४८.५ कोटींवर. भागाकार करा, वाढीव जागेमागे सुमारे २४,००० डॉलर! रटगर्सच्या अडीच पट.

म्हणजे टेक्सासवाल्यांना कुणी लुटलं का? नाही हो. तिथे जुन्या स्टेडियमचा मोठा भाग पाडून नव्याने उभा केला. त्यामुळे ४८.५ कोटींतले बरेच पैसे वाढलेल्या जागांवर नाही, तर आधीपासून असलेल्या जागांवर खर्च झाले. तोच खर्च एकूण १,०२,७३३ जागांवर वाटला तर जागेमागे ४,७०० च्या आसपास येतो. एकच काम, एकच रक्कम, आणि तुम्ही कशाने भागता त्यावर २४,००० किंवा ४,७००.

आपल्याकडे लोक "स्क्वेअर फुटाला काय भाव?" विचारतात आणि आपण दोन सेकंदांत तोंडावर भाव फेकतो, तेव्हा हेच होतं. चौरस फूट कुठला? कार्पेट की बिल्टअप? पाया खडकात की काळ्या मातीत? जुनं पाडायचं कुणी, राडारोडा टाकायचा कुठे? असा तोंडी भाव गिऱ्हाइकाशी पहिल्या बैठकीपुरता ठीक आहे. ड्रॉइंग नसताना त्याहून पक्कं काही देताच येत नाही. पण त्या भावावर सही करायची नसते. जसजशी ड्रॉइंग पक्की होतात तसतसा अंदाज परत काढायचा आणि अनपेक्षित खर्चासाठी धरलेली तरतूद हळूहळू कमी करत आणायची. कच्च्या नकाशावर मोठी तरतूद, पक्क्या नकाशावर लहान. आपला नवीन ठेकेदार नेमकं उलटं करतो, कच्च्या नकाशावर छातीठोक भाव देतो आणि पक्का नकाशा आला की घाम पुसतो.

काइल फील्डचं काम देण्याची पद्धतही समजून घ्या, कारण आपल्याकडे बहुतेकांना टेंडर म्हणजे बंद पाकीट आणि एल-वन एवढंच माहीत असतं. तिथे मॅनहॅटन आणि व्हॉन या दोन बांधकाम कंपन्यांनी भागीदारीत काम घेतलं, "कन्स्ट्रक्शन मॅनेजर ॲट रिस्क" या पद्धतीने. या पद्धतीत ठेकेदाराला डिझाइन चालू असतानाच आत घेतात. निवडताना त्याचा अनुभव, त्याची टीम आणि त्याची फी बघतात. मग डिझाइन पुरेसं पुढे गेलं की तो एक कमाल किंमत लिहून देतो, म्हणजे यापेक्षा जास्त लागले तर माझ्या खिशातून. मालकाने काम वाढवलं तर ती किंमत वाढते, पण ठेकेदाराचा अंदाज चुकला म्हणून वाढत नाही. नावातलं "ॲट रिस्क" त्यासाठीच आहे.

मला या पद्धतीतली एक गोष्ट फार आवडते. आकड्यासोबत कागद जोडावा लागतो. कुठली ड्रॉइंग, कुठल्या तारखेची, काय धरलंय, काय धरलेलं नाही, तरतूद किती. मोठे लोक साधा आकडा देतच नाहीत. आकडा, यादी, तारीख आणि "वर गेलं तर कोण भरणार" हे सगळं मिळून त्यांचा अंदाज होतो. माझ्या २००८ च्या कोटेशनमध्ये यातलं काय होतं? फक्त आकडा आणि खाली रबरी शिक्का.

आता या सगळ्यात छोटा माणूस कुठे बसतो? कोट्यवधी डॉलरचं स्टेडियम एक कंपनी स्वतःच्या हाताने बांधत नाही. काम तुकड्यांत फुटतं. पाडकाम, काँक्रीट, स्टील, प्लंबिंग, वायरिंग, खुर्च्या, रेलिंग, रंग. टेक्सासच्या सरकारी कामांत या पद्धतीने काम घेणाऱ्या मुख्य ठेकेदाराला उपठेक्यांसाठी जाहीर मागणी काढावी लागते, कायद्यातच तसं आहे. आणि बंद पाकिटाच्या टेंडरमध्ये तर शेवटचा तास बघण्यासारखा असतो. उपठेकेदार आपले भाव मुद्दाम शेवटच्या तासात पाठवतात. का? आधी पाठवला तर मुख्य ठेकेदार तोच भाव दाखवून दुसऱ्याला पाडायला लावेल ही भीती. हा अनुभव तुम्हालाही असेल, "अमुक माणूस ४२ ला करतोय, तू बोल." जगात कुठेही जा, हे चालतंच.

त्या शेवटच्या तासात मुख्य ठेकेदाराच्या टेबलावर रेलिंगचे चार भाव येतात असं समजा. एक फारच कमी आहे. अनुभवी अंदाजकार तो बघून खूश होत नाही, आधी फोन लावतो, "यात काय धरलं नाहीस?" कारण रेलिंग म्हणजे फक्त पाइप आणि वेल्डिंग नाही. पायरीच्या काँक्रीटमध्ये भोकं कोण पाडणार? ग्राउट कुणाचा? गॅल्व्हनायझिंग धरलंय की फक्त रेड ऑक्साइड? पाचव्या मजल्याच्या उंचीवर माल कोण चढवणार, क्रेन तुझी की माझी? बसवल्यावर दुसऱ्या कुणी ओरखडे पाडले तर टचअप कोण करणार? चारही भाव हे प्रश्न विचारून एका पातळीवर आणतात आणि मग तुलना करतात. बऱ्याच वेळा सगळ्यात कमी भाववाला या चाळणीत सगळ्यात महाग निघतो.

म्हणून मी तुम्हाला सांगतो, खाजगी कामाचं कोटेशन देताना "यात समाविष्ट नाही" हा रकाना आधी भरा, रक्कम नंतर. सुरुवातीला गिऱ्हाईक नाक मुरडेल. मुरडू दे. पण सरकारी टेंडरला हे चालत नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे अट घातली की टेंडर बाद. तिथे शंका विचारायची जागा म्हणजे प्री-बिड मीटिंग. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि उत्तर मिळालं नाही तर तो खर्च आपल्या दरात धरा. प्री-बिडला किती नवीन ठेकेदार जातात? मी विचारतो तेव्हा वर्गात चाळीसपैकी दोन हात वर होतात.

वेळेचाही भाव असतो. काइल फील्डची पश्चिम बाजू २१ डिसेंबर २०१४ ला स्फोटकं लावून पाडली. घरच्या मैदानावरचा पुढच्या हंगामाचा पहिला सामना होता १२ सप्टेंबर २०१५ ला. मोजा, २६५ दिवस. सामन्याची तारीख पुढे ढकलता येत नाही, तिकिटं विकलेली असतात. अशा कामात जादा पाळी, जादा क्रेन, रात्रीचे दिवे, पावसाचे दिवस, हे सगळं भावात धरावं लागतं. माझे २२ दिवस परीक्षेत गेले, ते कॉलेजच्या वेळापत्रकात वर्षाच्या सुरुवातीपासून छापलेले होते. नोटीस बोर्डावर लावलेले होते! मी रोज त्या बोर्डासमोरून चहाला जात होतो.

आणि एक गोष्ट, जी मी व्हिडिओत सांगितली नाही. २०१३ च्या डिसेंबरात काइल फील्डच्या पाडकामात एक कामगार उंचावरून पडून गेला. तरुण मुलगा होता. पुढे खटला झाला आणि ज्यूरीने कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवली. इतकं मोठं काम, इतक्या मोठ्या कंपन्या, तरी हे झालं. आपल्याकडे "बिलो" जाताना पहिली कात्री कशाला लागते ते तुम्हाला माहीत आहे. सेफ्टी बेल्ट, जाळी, हेल्मेट, मजुरांचा विमा. मजुरी कमी करता येत नाही, सिमेंटचा भाव हातात नाही, मग हे जातं. मीही २००८ मध्ये छतावर माणसं दोर न बांधता चढवली होती. कुणी पडलं नाही, हे माझं नशीब. त्याला मी हुशारी म्हणत नाही. तेव्हापासून सुरक्षेची बाब मी अंदाजात पहिल्या ओळीत लिहितो. शेवटच्या ओळी कापल्या जातात, पहिली ओळ कापताना हात थांबतो.

आता तुम्ही म्हणाल, "सर, हे सगळं खरं, पण एल-वन झालो नाही तर काम कुठून मिळणार?" यावर मी गोड बोलणार नाही. सरकारी टेंडरमध्ये कागदपत्रं बरोबर असली की कमी दरालाच काम जातं, आणि नवीन माणसाला पहिलं काम मिळवायला खाली यावं लागतं. पण खाली येण्याचे दोन रस्ते आहेत. तुमची स्वतःची मशीन आहे, गावातली टीम आहे, खाण जवळ आहे, म्हणून तुम्हाला खरंच स्वस्तात जमतं, तर बिनधास्त खाली या. आणि अर्ध्या गोष्टी धरायच्या राहून गेल्या म्हणून खाली आलात, तर ते काम तुम्हाला मिळालं नाही, तुमच्या गळ्यात पडलं. अंदाजपत्रकाच्या फार खाली गेलात तर जादा सुरक्षा ठेवही भरावी लागते, तो पैसा वर्ष-वर्ष अडकतो. त्याचं व्याज तुमच्या भावात आहे का?

माझं स्पष्ट मत आहे की पहिली दोन वर्षं उपठेकेदार म्हणून काढा. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली एकच बाब घ्या, रेलिंग घ्या, फरशी घ्या, रंग घ्या. त्या बाबीत माल किती, वाया किती जातो, दोन माणसं दिवसात किती रनिंग फूट करतात, हे वहीत लिहा. तुमचा स्वतःचा दर त्या वहीतून येईल. दरसूचीतला दर हा सरासरी दर असतो. तुमचा वेल्डर सरासरी आहे का, हे तुम्हीच जाणे. माझा नव्हता. उत्तम होता, पण सोमवारी यायचा नाही.

त्या कंपाउंड वॉलवाल्या भाऊंना मी हेच सांगितलं. काम अजून सुरू झालं नव्हतं, म्हणून फोनवरच त्यांच्याकडून एक-एक बाब लिहून घेतली. खोदकाम, पीसीसी, विटा, प्लास्टर, पाणी. पाण्याचा टँकर त्यांनी धरलाच नव्हता. उन्हाळ्याचं काम, शाळेची बोअर आटलेली. बेरीज झाली तेव्हा १६ टक्के बिलोत त्यांचे हातावर जेमतेम दोन टक्के राहत होते, तेही पाऊस वेळेवर आला तर. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, वीटभट्टीवाल्याला आजच भाव बांधून घेतो." मी म्हटलं, ॲडव्हान्स द्या आणि पावती घ्या.

पुढच्या रविवारी फळ्यावर रेलिंगच्या एका बाबीचं रेट ॲनालिसिस करणार आहे, पाइपपासून टचअपपर्यंत. वही-पेन घेऊन बसा. आणि त्याआधी तुमच्या गावातल्या लोखंडाच्या दुकानात फोन करून आजचा भाव विचारून ठेवा, जीएसटीसकट आणि साइटवर पोच.